ऑस्बर्नच्या अकरा टेप्स

ही गोष्ट खरी आहे. रचली असती, तर तिच्यात मी जरा बरा माणूस असतो.

नॉटिंगहॅम. १७ जून १९९५. शनिवार, दुपारचे तीन. इथली भुतंही चहाच्या आधी उरकून घेतात.

आमच्या तळघरात ऑस्बर्न टेट भाड्याने राहायचा. जमैकाचा. रेगे गायचा. त्याच्या गाण्यातला बास, तो जड घुमणारा ठोका, सुरू झाला की वर माझ्या बायकोच्या, सुप्रभाच्या कपाटातल्या बश्या थरथरायच्या. मी रहिवासी संघाकडे तीन तक्रारी केल्या. उत्तम इंग्रजीत.

१९८६च्या फेब्रुवारीत तो न्यूमोनियाने गेला. मी तळघर रिकामं केलं. त्याच्या गाण्याच्या अकरा टेप्स निघाल्या. बाहेर स्किप, कचऱ्याचा मोठा लोखंडी डबा, उभाच होता…

सुप्रभालाही सांगितलं नाही.

नऊ वर्षांनी त्याच रहिवासी संघाला ऑस्बर्नचा अभिमान वाटू लागला. माणूस गप्प झाला की हे सोपं जातं. त्या शनिवारी आमच्या भिंतीवर त्याच्या नावाची पाटी लागली. भाषण माझं.

त्याआधी त्याची बहीण मर्लीन मला बाजूला घेऊन म्हणाली, “डॉक्टर, एखादी टेप राहिली असेल का? आई एक्क्याण्णवची आहे. मरायच्या आधी त्याचा आवाज ऐकायचाय म्हणते.”

“सगळ्या कुठल्याशा स्टुडिओत नेल्या होत्या त्याने,” मी म्हणालो.

आणि भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी माझा मेहुणा गिरीश व्हिडिओ घेऊन आला. “या भावजी, स्टार झालात!”

पडद्यावर टाळ्या ऐकू आल्या. आइस्क्रीमच्या गाडीची घंटा. शेजारचं कुत्रं.

मग मी तोंड उघडलं…

काहीच नाही.

ओठ हलत होते. आवाज नव्हता.

“माईक गेला असेल,” गिरीश म्हणाला.

“मग कुत्रं कसं ऐकू येतंय?” सुप्रभाने विचारलं.

आणि मग… खालून… बास.

रेगेच्या रेकॉर्डला दुसरी बाजू असते. गाणं तेच, पण गायकाचा आवाज काढून टाकलेला. बास उरतो. मधूनच एखादा शब्द घुमवून सोडतात.

माझ्याही भाषणातला एकच शब्द घुमला.

“मित्र… मित्र… मित्र…”

गिरीशने टीव्ही बंद केला. चहा न घेता गेला.

नोव्हेंबरात मर्लीनचा फोन आला.

“नऊ स्टुडिओ पालथे घातले, डॉक्टर. नाव आठवतंय का? आई रोज विचारते.”

मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. टेप्स, स्किप, फेब्रुवारी.

“हॅलो?” मर्लीन म्हणाली. “आहात ना?”

मी ओरडून सांगितलं.

“काही ऐकू येत नाही… तुमच्याकडे गाणी लागलीत का? नुसता बास येतोय…”

घरात रेडिओसुद्धा बंद होता.

तिने फोन ठेवला. मी वळलो. दारात सुप्रभा उभी होती.

“अहो,” ती म्हणाली, “मला सगळं ऐकू आलं.”

त्यानंतर महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा दोनच शब्द. “पत्र लिहा.”

या गोष्टीला तीन वर्षं झाली. मर्लीन अजून शोधतेय. गेल्या महिन्यात वॉटफर्डला कुठल्याशा स्टुडिओत जाऊन आली म्हणे. आई अजून आहे.

शेवटी मी लिहिलं. हे काय, तुमच्यासमोरच आहे.

मराठीत.

मर्लीनला मराठी येत नाही.