दंडाचं पत्र

प्रफुलने पत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "बाई, मले कोणीतरी फसवून राह्यलं."

चंद्रपूरच्या बसस्टँडमागे अन्नपूर्णाबाईंचं दोन खुर्च्यांचं ऑफिस होतं. वीस वर्षं कोर्टाबाहेर अर्ज टाइप केल्यावर त्या खाजगी तपासाची कामं घेऊ लागल्या होत्या. पत्रू त्यांची मोटरसायकल चालवायचा. तपासही आपणच चालवतो, असं त्याला मनातून वाटायचं.

प्रफुल घुग्घुसच्या कोळसा खाणीत डंपर चालवायचा. त्याच्या घराचं अठरा लाखांचं कर्ज एका खाजगी कंपनीकडे होतं. ते कमी व्याजाच्या बँकेत न्यायचं ठरलं, आणि आठवड्याभरात हे पत्र दाराखाली सापडलं. कर्ज स्थिर व्याजदराचं आहे, मुदतीआधी फेडल्यास चार टक्के दंड. बहात्तर हजार.

"कंपनीतला तो आदेश नावाचा साहेब आधी म्हणे, दंड लागतच नाई. आता म्हणते, असं पत्र आमी धाडलंच नाई."

"यात काय शोधाचं?" पत्रू उसळला. "वरचे पैसे पाह्यजे त्याले!"

बाईंनी पत्र उजेडात धरलं. डाव्या कोपऱ्यात दोन बारीक काळे ठिपके होते. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. "ठिपके आहेत, पण कागदाला भोक नाही," एवढंच म्हणाल्या.

कंपनीच्या शाखेत आदेशने पत्र पाहिलं आणि मान हलवली. "हा पत्ता जुना आहे बाई. दोन वर्षं झाली आम्हाला इकडे येऊन. आणि हा कर्जखात्याचा उतारा बघा. व्याज साडेनऊ, मग सव्वादहा, आता पावणेअकरा. बदलत्या दराच्या घरकर्जाला दंड नसतो."

पत्रूच्या डोक्यात यातलं काही शिरलं नाही. "चोर आहेस तू!" तो ओरडला. "गरिबाचे पैसे खाते!"

रांगेतले पाच-सहा जण वळून बघू लागले. आदेशचे कान लाल झाले.

"पत्रू, बाहेर थांब," बाई म्हणाल्या.

रविवारी ते घुग्घुसला गेले. प्रफुलचे वडील लटारूभाऊ ओट्यावर बसले होते. "कायले पाह्यजे नवी बँक? आहे ते चालू द्या," ते म्हणाले. "पैशाची फिकर नाई आमाले. माझी सून चंद्रपूरले दवाखान्यात कम्प्युटरवर बसते. अख्ख्या मोहल्ल्यात अशी सून नाई!"

पत्रूने लगेच संशय म्हाताऱ्यावर नेऊन ठेवला.

प्रफुलची बायको रंजीता चहा घेऊन आली. तिच्या बोटांची टोकं पांढरी पडून चिरली होती. "कपडे फार पडतात का?" बाईंनी सहज विचारलं.

"नाई बाई, मशीन आहे." तिने हात पदराखाली घेतला.

मग बाईंनी बँकेत द्यायची फाइल मागितली. कर्ज नवरा-बायको दोघांच्या नावावर होतं. प्रफुलच्या तीन पगारपत्रकांपुढे रंजीताची जागा रिकामी होती. "दवाखान्यातला साहेब सुटीवर आहे म्हणते," प्रफुल म्हणाला. शेवटी बाईंनी कर्जमंजुरीचं जुनं पत्र पाहिलं. त्याच्या कोपऱ्याला पिनेची दोन भोकं होती.

सोमवारी बाई एकट्याच त्या दवाखान्यापाशी जाऊन आल्या. पत्रूला काही सांगितलं नाही.

मंगळवारी प्रफुलची पाळी सुटल्यावर सगळे घरात बसले. "तुम्ही दोघं तेवढे थांबा," बाई नवरा-बायकोला म्हणाल्या.

लटारूभाऊ उठू लागले, तशी रंजीता म्हणाली, "बसा मामाजी. बाई, सांगा सगळ्यांसमोर."

बाईंनी दोन्ही पत्रं शेजारी ठेवली. "मंजुरीच्या पत्राचा वरचा भाग झेरॉक्स करून खाली नवा मजकूर छापलाय. भोकांचे ठिपके तसेच उतरले, पत्ताही जुनाच राहिला. कंपनीचा माणूस जुना पत्ता लिहीत नाही, आणि बदलत्या दराला स्थिर म्हणत नाही. मूळ कागद या घरातच होता. लटारूभाऊंना बँक नको होती, पण ते तसं तोंडावर म्हणत होते. कर्ज हलू नये आणि तसं बोलताही येऊ नये, अशी अडचण एकाच माणसाची होती. नव्या बँकेला जिचं पगारपत्रक दाखवायचं होतं, तिची."

"दवाखाना दिवाळीतच बंद झाला," रंजीता म्हणाली. "तवापासून मी खानावळीत भांडे घासतो. हप्त्यातला माझा हिस्सा एकदाही चुकला नाई."

"मले काऊन नाई सांगितलं?" प्रफुलने विचारलं.

तिने सासऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

लटारूभाऊंना सगळं कळलं. त्यांनी खांद्यावरच्या गमछ्याने तोंड पुसलं. मग म्हणाले, "मीच सांगत फिरत होतो ना, पोरी. तू कुठून बोलशील."

पंधरा दिवसांनी एकट्या प्रफुलच्या पगारावर बँकेने कर्ज आपल्याकडे घेतलं. मुदत तीन वर्षांनी वाढली. दंड एक रुपयाही लागला नाही.

ते कळलं त्या दिवशी पत्रू एकटाच कंपनीच्या शाखेत गेला. रांग होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "साहेब, त्या दिवशी मी तुमाले चोर म्हणलो. तुमचं काई चुकलं नव्हतं. माझं चुकलं."

आदेशने हातातला कागद खाली ठेवला.

"रांगेत माझ्या बायकोचा भाऊ होता," तो हळू म्हणाला. "घरी गेलो तर बायकोनं विचारलं, खरंच घेतले का पैसे?"

पत्रू तिथेच, रांगेसमोर, उभा राहिला.