अकरा जबान्यांचे दफ्तर

सह्याद्रीच्या माथ्यावर तांबडे फुटले आणि रुद्रकड्याच्या बुरुजावर फडफडणारे परके निशाण दिसू लागले, तेव्हा गडाचा जमाखर्च लिहिणारे एके काळचे जमनीस विसाजी अनंत बासनात बांधलेले कागद छातीशी धरून राजधानीच्या वाटेला लागले.

दीड वर्षापूर्वी गड फितुरीने गेला होता. आणि फितूर म्हणून नाव लागले ते दरवाज्यात लढता लढता पडलेल्या किल्लेदार गंभीररावांचे! वतन जप्त झाले. त्यांच्या पत्नी उमाबाई भावाच्या गोठ्यात दिवस काढीत होत्या. विसाजींनी मात्र गावोगाव पायपीट करून लंगडा गोलंदाज, गवत पुरवणारी धनगरीण, पहाऱ्यावरचा रामोशी अशा अकरा जणांच्या जबान्या उतरवून घेतल्या. कोणी नांगराची, कोणी कट्यारीची निशाणी केली. सगळ्यांचे म्हणणे एकच होते : गनिमाला आत घ्यायला चोरदिंडीचा, गडाच्या छुप्या दाराचा, अडसर काढला तो हवालदार जोत्याजीने.

तो जोत्याजी आता दरबारचा सरलष्कर होता.

राजधानीत कारभारी सखोपंतांनी बासनाकडे पाहिलेही नाही.

"विसाजीपंत, खरे काय ते आम्हांस ठाऊक आहे."

"मग न्याय व्हावा, सरकार!"

"सरहद्दीवर जोत्याजीरावांचे पाच हजार घोडे उभे आहेत. न्याय केला, तर उद्या ते गनिमाला मिळतील. आपण त्या अकरा असामींची नावे-गावे तेवढी वाचा. आपल्या पायपिटीची खबर लागून सरलष्करांनी ती मागितली आहेत."

विसाजींच्या ध्यानी आले. दीड वर्ष खपून आपण न्यायाचा कागद नव्हे, अकरा माणसांच्या मरणाची यादी तयार केली! खलित्यांवर लाखेची मोहर करण्यासाठी शेजारी शेगडी धगधगत होती. हुजरे धावले, पण तोवर विसाजींनी टाकलेले बासन निखाऱ्यांत पेटले होते.

"साक्षीदार कोणीच नाहीत," विसाजी म्हणाले. "सारे मीच रचले. निशाण्याही माझ्याच हातच्या."

खोट्या दस्तऐवजाच्या गुन्ह्याखाली त्याच दुपारी त्यांचा उजवा हात कलम झाला.

जखम भरल्यावर ते उमाबाईंकडे गेले. उंबऱ्यात बाईंचा भाऊ कान देऊन उभा होता.

"कागद?"

"जळाले, बाईसाहेब."

उमाबाई म्हणाल्या, "खरे बोलणारी ती माणसे कोण, एवढे तरी सांगा. मनातल्या मनात हात जोडीन."

अकराही चेहरे विसाजींच्या डोळ्यांपुढून गेले. त्यांनी मान खाली घातली.

"आठवत नाहीत, बाईसाहेब."

उमाबाईंनी दार लोटून घेतले. पुढे पाच वर्षे त्या जगल्या, आणि गेल्या त्या फितुराची बायको म्हणूनच.