चढावरची स्टुडबेकर

त्या दुपारी मी फक्त पत्रपेटी बघायला गेले होते. अंगण ओलांडून फाटकापर्यंत, एवढंच. घरात आम्ही तिघं, मी, अवधूतकाका आणि शैलाकाकू, आणि तिघांनाही कोविड. माझा तापाचा भर ओसरला होता, त्या दोघांचा चढत होता. काकांनी अंथरुणातून तिसऱ्यांदा हाक मारली होती, "मंजिरी, बघ ना गं, इंडियानाहून पार्सल आलं का?"

"काका, ताप एकशेतीन आहे तुमचा. पार्सल कुठे पळून जातंय का?"

"जूनपासून वाट बघतोय मी."

पेटीत पार्सल नव्हतं. एक हिरवा बेडूक तेवढा बसला होता, पावसाला कंटाळून आत आलेला. मी झाकण लावलं आणि मागे वळले तर घर दिसेना. तेवढ्यात ढग खाली उतरले होते.

जानेवारी २०२२. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने इतके महिने घट्ट लावून ठेवलेलं दार ख्रिसमसच्या आधी उघडलं होतं आणि आता सगळे एकदमच आजारी पडत होते. टूवूंबा शहर डोंगराच्या माथ्यावर आहे आणि काकांचं घर खाली पायथ्याशी. मधल्या चढाला सगळे नुसतं 'रेंज' म्हणतात. माझी युनिव्हर्सिटी वर, हॉस्पिटल वर, दुकानं वर. इकडे गाडी नसलेला माणूस म्हणजे बेटावरचा माणूस. आणि आमची टोयोटा कॅमरी त्या आठवड्यात गॅरेजवाल्याकडे होती, एका पार्टसाठी अडून. जपानची चालू कंपनी आणि अमेरिकेची मेलेली कंपनी, दोघींचे पार्ट एकाच समुद्रात अडकले होते.

मेलेली कंपनी म्हणजे स्टुडबेकर. काकांची १९६२ची लार्क शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. फिकट हिरवी, पुढे एकच लांब सीट, गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर. तिचा इतिहास मला तोंडपाठ होता, कारण काका तो जेवताना सांगत. स्टुडबेकर बंधू आधी घोडागाड्या बनवायचे. मग मोटारी. इंडियानातल्या साउथ बेंड नावाच्या गावात केवढा कारखाना, आणि १९६३च्या डिसेंबरात, ऐन नाताळाच्या तोंडावर, त्याला टाळं. पुढे थोडे दिवस कॅनडात धुगधुगी, मग सगळं संपलं. ऑस्ट्रेलियातल्या गाड्या मेलबर्नला जोडायचे, व्हिक्टोरियाच्या पोलिसांकडे सुद्धा होत्या. आता उरलेले मालक एकमेकांना फोन करून एकेक वॉशर मागतात, बिघडलेल्या गाड्यांचे फोटो नातवंडांसारखे पाठवतात. काकांना याचं भारी कौतुक. मला नव्हतं. पुण्यात आजी एकटी आजारी असताना ज्यांना फोन करायला वेळ नव्हता, त्यांनी इप्सविचच्या कुणा टेरीशी कार्ब्युरेटरवर तासभर बोलावं, याची मला चीड यायची.

आणि तो हिल होल्डर! अंगणातल्या उतारावर काका मला शिकवायचे. "चढावर थांबलीस की क्लच दाबून ठेव. आता ब्रेकवरचा पाय काढ. काढ गं! गेली मागे? नाही ना? क्लच दाबलेला आहे तोवर ब्रेक धरून राहतो. छत्तीस सालापासून देतायत हे!"

माझं लायसन्स ऑटोमॅटिकचं. मी दर वेळी गाडी गचके देऊन बंद पाडायचे आणि ते दर वेळी म्हणायचे, "कॉल असता तर रडला असता."

कॉल म्हणजे गाडीचा आधीचा मालक. लोकर कातरणारा म्हातारा, मूलबाळ नाही. तो गेल्यावर पुतणीने गाडी काकांना विकली. गेल्या सर्वपित्री अमावास्येला काकूने खीर, वडे, भोपळ्याची भाजी सगळं केलं. काकांनी आजोबांचं पान कुंपणावर ठेवलं आणि दुसरं पान घेऊन शेडकडे निघाले.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"कॉलचं. त्याच्या मागे कोण आहे? त्याच्या गाडीत बसतो आपण."

"काका, तो माणूस रविवारी सॉसेज खायचा. त्याला भोपळा?"

त्यांनी पान बॉनेटवर ठेवलं. हात जोडून म्हणाले, "कॉल, तुम्ही आमच्या घरचेच. जेवून घ्या." कुंपणावरच्या आजोबांच्या पानाला संध्याकाळपर्यंत कुणी शिवलं नाही. बॉनेटवरच्या पानावर मात्र काका वळायच्या आत कावळा बसला आणि त्याने शितही ठेवलं नाही. काकू खिडकीतून बघत होती. "भुकेला होता बिचारा," ती म्हणाली. मी हसले होते.

तर मी पत्रपेटीकडून परत आले. दारातच मला आवाज आला. कुणीतरी ओली फळी करवतीने कापतंय, असा. तो काकूचा श्वास होता.

ती पलंगाच्या कडेला पुढे वाकून बसली होती. बोटाला लावलेल्या यंत्रावर एक्क्याऐंशी. सकाळी ब्याण्णव होते. मी अँब्युलन्सला फोन केला. पलीकडची बाई चांगली होती, पण सगळ्या गाड्या बाहेर होत्या, वर धुकं. "जमेल तितक्या लवकर," ती म्हणाली. किती लवकर ते सांगेना. शेजारचे सुट्टीसाठी किनाऱ्यावर गेलेले. टॅक्सीवाल्याने 'पॉझिटिव्ह' शब्द ऐकून फोन ठेवला.

काका भिंतीला धरून उभे राहिले. "मी चालवतो."

"तुम्हाला दार दिसतंय का नीट? मागे बसा गपचूप. मी नेते."

ताडपत्री ओढली. काकूला पुढे बसवलं, काका मागच्या सीटवर आडवे झाले. तेवढ्यातही काकू पुटपुटली, "अहो... शाल घ्या अंगावर."

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. रस्त्याला लागलो, आणि चढ सुरू झाल्यावर काचेसमोर फक्त पांढरं उरलं. डांबराचा एक तुकडा दिसायचा, आम्ही त्यावरून जायचो, मग पुढचा दिसायचा. वायपरची करकर, इंजिनाची घरघर, आणि शेजारी ती करवत. काकूच्या ओठांचा रंग जांभळाच्या डागासारखा झाला होता. मी बडबडत होते. "पोचलोच, काकू. हे बघ, झालंच."

अर्ध्या चढावर समोर दोन लाल दिवे उगवले. ट्रक. थांबलेला. मी दोन्ही पाय दाबले. गाडी थांबली आणि सुदैवाने बंद पडली नाही. मागे खाई, पुढे ट्रक. मग आठवलं. क्लच दाबून ठेवला, ब्रेकवरचा पाय हळूच काढला. गाडी हलली नाही.

"काका," मी म्हणाले, "तुमच्या हिल होल्डरला एकदा नमस्कार करीन म्हणते."

मागे काका उठून बसल्याची सीटची कुरकुर.

"ब्रेकवर पाय आहे ना तुझा?"

"नाही. तेच तर सांगतेय."

"मंजिरी... तो मी काढलाय. गळत होता. जूनमध्येच काढून नळी सरळ जोडली. त्याचंच तर पार्सल..."

मी घाबरून ब्रेक दाबला. आणि दचकून डावा पाय उचलला. आता इंजिन बंद पडायला हवं होतं, गचका बसायला हवा होता. काही झालं नाही. मी खाली बघितलं. माझा डावा पाय सीटजवळ होता. क्लचचं पेडल जमिनीला टेकलेलं होतं. एकटंच.

मी ब्रेकही सोडला. गाडी त्या चढावर खिळ्याने ठोकल्यासारखी उभी.

गाडीत वास आला. ओल्या लोकरीचा. आणि घाम, आणि निलगिरीचं तेल. समोरचा ट्रक निघाला, लाल दिवे विझत विझत पांढऱ्यात गेले. मी पहिला गिअर टाकला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं. गाडी तिथेच. मागून कुणीतरी जोरात हॉर्न दिला, वळसा घालून निघून गेला. त्याला थांबवायला मी काच खाली करेपर्यंत तो नाहीसा झाला होता.

दार उघडून मी रस्त्यावर उतरले, गुडघे टेकले आणि पेडलखाली बोटं घालून वर ओढलं. वरून दाब होता. मी जोर लावला की तोही जोर लावायचा. आणि माझ्या मनगटाला काहीतरी घासलं. ओलं, जाड चामडं. बुटाच्या कडेसारखं.

मी हात मागे घेतला. त्याच वेळी लक्षात आलं, काकूचा श्वास अडकला की पेडल थरथरतं. तिने घेतला की स्थिर होतं. कुणीतरी तिचा एकेक श्वास मोजत होतं.

"काका, काय आहे हे? तुम्हाला माहीत आहे! बोला!"

"मी... शैलाला कळलं असतं तर तिने गाडी घेऊ दिली नसती." त्यांचे दात वाजत होते. "पुतणीने सांगितलं होतं. एकाहत्तर सालची गोष्ट. कॉल बायकोला वर हॉस्पिटलात नेत होता. बेरिल नाव तिचं. असंच धुकं... पुढे रस्ता अडलेला. ती याच सीटवर गेली. रस्ता मोकळा झाला तरी तो निघाला नाही. क्लच दाबून बसून राहिला. म्हणे, पाय उचलला की वर पोचणार. वर पोचलं की डॉक्टर सांगणार. न पोचलं तर... पोलिसांनी त्याचा पाय हाताने उचलून बाजूला केला."

"आणि त्याला तुम्ही घरचा केलात? पान वाढून?"

"त्याचं कुणी नव्हतं गं."

"आता आहे ना! माझी काकू आहे!" मी त्या रिकाम्या सीटवर मुठी आपटल्या. "कॉल! शी इज नॉट बेरिल! लेट गो, मेट! प्लीज, लेट गो!"

पेडल आणखी खाली गेलं. लोखंडाला लोखंड रुतल्याचा आवाज आला. यंत्रावर चौऱ्याहत्तर. काकूची मान एका बाजूला पडली. मला रडू फुटलं. मी चिखलात बसून, मराठीत, इंग्लिशमध्ये, काय सुचेल ते बोलत होते. शिव्या दिल्या, पाया पडले. देवापुढे सारखे हात जोडते म्हणून मी जिला चिडवायचे, तीच काकू माझ्यासमोर जात होती आणि एक मेलेला माणूस तिला प्रेमाने मारत होता.

तेव्हा काकूने डोळे उघडले. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मागेही नाही. ती त्या रिकाम्या सीटकडे बघत होती, जरा वर, बसलेल्या माणसाचा चेहरा असेल तिथे. तिचा हात सीटवरून सरकला आणि कशावर तरी टेकला. हवेत, मांडीच्या उंचीवर.

"अहो..." ती म्हणाली. "सोडा आता... वर जाऊ या."

"काय सोडू, शैला?" मागून काका म्हणाले. "मी इकडे आहे."

तिने वळून बघितलं नाही.

पेडल वर येऊ लागलं. हळूहळू, सराईत पायाखालून यावं तसं. आणि चालकाशिवाय गाडी निघाली. मी धावत दाराला लटकले, कशीबशी आत पडले. मी त्या गाडीचा क्लच एकदाही गचक्याशिवाय सोडलेला नाही. त्या दिवशी ती लोण्यासारखी निघाली. पुढे गिअर बदलायची वेळ आली की पेडल आपणहून खाली जायचं आणि मी दांडा ओढायचे. मी सीटच्या टोकावर, दाराला चिकटून बसले होते. मधे जागा सोडून. मी फक्त स्टीअरिंग धरलं होतं, एवढंच सांगू शकते.

हॉस्पिटलच्या दारात नर्स पोरींनी काकूला खाली घेतलं, नाकाला नळी लावली आणि आत नेलं. काकांनाही नेलं. मी मागे वळले तेव्हा गाडी बंद होती. पेडल वर होतं. लोकरीचा वास गेला होता.

काकू वाचली. बरेच दिवस ऑक्सिजनवर होती, पण चालत घरी आली. काकांनी एका शब्दाने वाद न घालता लार्क इप्सविचच्या टेरीला देऊन टाकली, सगळी हकिगत सांगून. टेरी म्हणाला, "नो वरीज, मेट." ट्रकच्या पाठीवर साखळ्यांनी बांधून त्याने ती नेली. काकू व्हरांड्यात उभी राहून ट्रक दिसेनासा होईपर्यंत बघत होती. मी सुटकेचा श्वास सोडला.

त्या संध्याकाळी काका बाहेर खुर्चीत बसले होते. आतून काकूची हाक आली, "अवधूत, चहा झालाय."

काका थक्क होऊन हसायलाच लागले. "मंजिरी, ऐकलंस? लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पहिल्यांदा नावाने हाक मारली बाईसाहेबांनी! तुझी संगत!"

मलाही हसू आलं. कप आणायला मी आत गेले. काकू ओट्याशी पाठमोरी उभी होती. मी दारातच थांबले, कारण ती बोलत होती. अगदी हलक्या आवाजात, समजूत घालावी तशी.

"अहो, गाडी गेली म्हणून वाईट वाटून घेऊ नका."

आणि त्या अरुंद स्वयंपाकघरात, कुणाला तरी पुढे जायला वाट द्यावी तशी, ती जराशी बाजूला सरकली.