कॅबिनेटमधल्या अक्षता

दारात निरंजन उभा होता, खांद्यावर अवजारांची पिशवी, आणि अपेक्षाला भांडायला कुणीतरी हवंच होतं.

“फोन करून पाऊण तास झाला,” ती म्हणाली. “भूगावच्या चौकातून इथे यायला पाऊण तास?”

“ट्रॅफिक हाय, म्याडम.”

“चार वाजता माझं सगळं संपतंय, आणि तुम्ही ट्रॅफिक सांगा.”

खरंच संपत होतं. नागपूरच्या एका इंटिरियर कंपनीनं नोकरी पक्की करण्याआधी तिच्याकडून एका घराचा आराखडा तेवढा मागवला होता, आज चारपर्यंत. ऑफिस सांभाळून तीन आठवडे खपून केलेलं ते काम ह्या एकाच कॉम्प्युटरमध्ये होतं. दसऱ्याला आईबाबांकडे वर्ध्याला जाऊन ती आज परतली, तर कॉम्प्युटर चालूच होईना. बटण दाबलं की पंखा फिरायचा, तीनदा बीप व्हायचं, स्क्रीन काळी ती काळीच. तिनं वायरी काढून लावल्या, प्लग बदलला, देवाचं नाव घेतलं आणि शेवटी शिव्या घातल्या.

निरंजन घरमालकीण गोजराबाईंचा मुलगा. चौकात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. वर्षभर येता-जाता तो तिच्याकडे बघायचा, तीही बघायची, आणि दोघं ‘पाणी आलं का?’ एवढंच बोलायचे. त्याचाही तिला राग होताच.

त्यानं कॉम्प्युटरच्या कॅबिनेटची बाजू उघडली आणि... तसाच बसून राहिला. अपेक्षा वाकली. आत हिरव्या पट्टीवर हळदीकुंकवाची बोटं. पंख्यापाशी अक्षता. झेंडूची एक पाकळीसुद्धा.

“हे काय आहे?”

निरंजनचे कान लाल झाले. “खंडेनवमीला... आमच्यात घरातल्या समद्या यंत्रांची पूजा असती. ट्रॅक्टर, पाण्याची मोटार, आईचं शिलाई मशीन. तुमचं एकटंच तसं ठिवायला बरं वाटंना. आईकडनं चावी घेतली.”

“आणि आत कशाला?”

“भायेर लावलं तर पांढऱ्या डब्याला डाग पडला असता. धूळ पुसायला मेमरीची पट्टी काढली हुती, तिला हळदीचा हात लागला असंल.”

“म्हणजे डाग नको म्हणून मेंदूला हळद लावलीत. दुकान चालवता ना हो तुम्ही? आणि माझ्या खोलीत, मला न विचारता—”

“चुकलं. लई चुकलं.”

तो कामाला लागला. पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबरनं घासल्या, ब्रशनं हळद झाडली, चिमट्यानं एकेक तांदूळ वेचला. त्याची बोटं इतकी जपून चालत होती की रागातही तिला बघत राहावंसं वाटलं, आणि त्यामुळे ती आणखीच चिडली.

साडेतीनला एकच बीप वाजला. स्क्रीन उजळली. आराखडा जसाच्या तसा होता.

“पाठवा,” निरंजन म्हणाला.

“हा पाठवला की मी नागपूरला. कळतंय ना?”

“आई बोलली हुती.”

“मग कॉम्प्युटर बंदच ठेवायचा. गेला म्हणून सांगायचं. मला काय कळणार होतं?”

“मनात आलं हुतं,” तो खाली बघत म्हणाला. “पण तुमचं काम अडवून तुमाला हितं ठिवून घ्यायचं... तसलं न्हाई जमत मला. तुमी मला आवडताय. लई. पूजा बी त्यापायीच, तुमचं चांगलं व्हावं म्हणून.”

अपेक्षानं माऊस हातात घेतला. क्षणभर बोट थांबलं... मग तिनं आराखडा पाठवला आणि ताडकन वळली.

“वर्षभर पाणी आलं का, पाणी आलं का. आणि हे आज सांगता? मी चालले तेव्हा?” तिचा आवाज चिरकला. “मलाही आवडता तुम्ही. आता मी काय करू?”

“नागपुरात बी कॉम्प्युटर बिघडत असतील की.”

“आणि इथलं दुकान? शेत?”

“भाऊ हाय. मी इचारलंय त्याला.”

“त्याला विचारलंत. मला सोडून सगळ्यांना विचारता तुम्ही,” ती भडकून म्हणाली, आणि त्याचा हात घट्ट धरून तशीच उभी राहिली.