करंजाखालची माती

राजनंदिनीचं जावळ काढलं, त्याच्या पुढच्या साली तिच्या बापाची, अजिनाथची, बदली सुरतेला झाली. लेकरू आता दिवाळी-उन्हाळ्यालाच कोल्हारला दिसणार. म्हणून तिच्या आजोबांनी, गहिनीनाथांनी, मनात घेतलं, की जाण्याआधी तिच्या हाताचा ठसा मातीत उमटवून घरात ठेवायचा. फोटो मोबाईलमध्ये ढिगानं होते. पण फोटोवर हात फिरवला तर काचच लागते.

सून ज्योतीनं आधी बाजारातून रंगीत क्ले आणली. पोरगी हरखली, ठसाही झकास उठला. पण खिडकीत ठेवल्यावर दुपारच्या उन्हानं तो ढिला पडला आणि बोटं एकमेकांत मिसळली. मग वाऱ्यावर सुकणारी पांढरी माती मागवली. ती सुकली, पण तळहातावर आडवी चीर गेली. आजी, रतनबाई, ते बघून म्हणाल्या, "लेकराचा चिरलेला हात घरात नको."

गहिनीनाथ म्हणाले, बाजारची माती ती बाजारचीच. पोळ्याचे बैल करायला ते दरसाल प्रवरेची चिकणमाती आणत. राख आणि कापूस घालून मळली की ती तडकत नसे. त्या साली पुरानं काठ खचला होता. एका जाड करंजाखाली आतली माती उघडी पडली होती, लोण्यासारखी, नावाला खडा नाही. त्यांनी घमेलंभर आणली.

रतनबाई मळायला बसल्या. माती कोमट लागते म्हणाल्या. उन्हातून आणली म्हणून असेल, असं गहिनीनाथ बोलून गेले. करंजाखाली गच्च सावली होती, हे त्यांना मागाहून आठवलं.

माती ताटलीत थापून त्यावर राजनंदिनीचा पंजा दाबला, तशी ती खिदळायला लागली.

"आबा, खालून गुदगुल्या करतंय."

"कोन गं?"

"बाळ."

भाऊ हवाय म्हणून हिला सगळीकडं बाळंच दिसतात, असं ज्योती म्हणाली, आणि सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मंडळी सुरतेला गेली. ठसा टीव्हीच्या वरच्या फळीवर सुकत राहिला.

काही दिवसांनी रतनबाई फळी पुसायला गेल्या. राजनंदिनीच्या पंजाशेजारी आणखी एक पंजा उमटला होता. कोवळा, तिच्याहून कितीतरी लहान. तिचा ठसा खडखडीत वाळलेला, हा ओला. त्याची करंगळी आत वळलेली होती.

घरात दोघांखेरीज कुणी नव्हतं.

रतनबाई खाली बसल्या. त्यांनी विचारलं, "माती कुठली आनली तुमी?"

गहिनीनाथांनी ती वळलेली करंगळी पाहिली. त्यांची पहिली लेक छबी दात यायच्या आधीच तापानं गेली होती. तिची करंगळी जन्मापासून अशीच. एवढं लहान लेकरू जाळत नाहीत, पुरतात. आणि आईनं तिथं यायचं नाही, जागाही तिला सांगायची नाही, अशी रीत. त्यांनीच छबीला एका करंजाच्या रोपाशेजारी ठेवलं होतं, काठापासून पार आत. रोपाचं झाड होईल आणि नदी काठ खात तिथवर येईल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"करंजाखालची," ते म्हणाले.

"तिथं हाय व्हय ती?"

"व्हय."

"इतकी वर्सं सांगितलं न्हाई."

"सांगत न्हाईत, म्हनून."

माती परत नदीला देऊन येतो, असं ते म्हणाले. रतनबाईंनी ताटली पदराखाली घेतली.

"घरी आलीय. ऱ्हाऊ द्या."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला त्या आपलं बोट त्या कोवळ्या पंजात ठेवून बसत. राजनंदिनीच्या शाळेचं सांगत, गाईचं सांगत. घरात बऱ्याच वर्षांनी त्यांचं गुणगुणणं ऐकू यायला लागलं. उन्हाळा गेला तरी तो ठसा वाळला नाही. कोमट असतो, त्या म्हणत.

गहिनीनाथांनी एकदा बोट ठेवून पाहिलं.

त्यांना तो गार लागला.

पुढच्या पोळ्याला ते चहा घेऊन आत गेले. रतनबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, ताटली मांडीवर. चेहऱ्यावर हसू होतं.

चहा निवला.

गहिनीनाथांनी ताटली उचलली. माती वाळली होती.

पंजा नव्हता. मूठ होती. आणि मुठीच्या आत, मोठ्या माणसाच्या बोटाएवढी पोकळी.

रतनबाई गेल्या त्या पोळ्याच्या दिवशी, सकाळी.