छतावरचे फुकटे प्रवासी

"उद्या विष टाकतो! विषय संपला!" काकांनी पत्र्याचा डबा टेबलावर आपटला, तशी कपबशी खडखडली.

काकांची लाँच होती. सुट्टीत शाळकरी पोरांना घेऊन ते खडकाच्या बेटाजवळ जात आणि तिथले समुद्रपक्षी दाखवत. पांढरे, काळ्या टोपीचे सुरय पक्षी तिथे उघड्या दगडावरच अंडी घालत. पण यंदा अंडी भराभर नाहीशी होत होती. असंच चाललं, तर सुरय बेट सोडून जाणार, आणि गेलेले पक्षी बोलावून परत येत नाहीत. काकांचा त्यांच्यावर भारी जीव. पण जीव असला की अक्कल असतेच, असं नाही.

"उंदीरच! दुसरं कोण?" काका म्हणाले.

"पण काका, विषाच्या गोळ्या पक्ष्यांनीच खाल्ल्या तर?" सुट्टीला आलेल्या ताईने विचारलं.

"पक्षी मासे खातात. मिळेल ते खायला ते काय तुझ्यासारखे खादाड आहेत?"

ताईचा धाकटा भाऊ बंड्या फिसकन हसला. ताईने त्याला चिमटा काढला.

संध्याकाळी तिघं धक्क्यावर गेली. तिसरी म्हणजे काकांची मुलगी चिमणी. लाँचचं कापडी छत घासायचं काम तिच्याकडे होतं. ते तिला मुळीच आवडत नसे, आणि भेटेल त्याला ती तसं सांगे.

"बघ ना! रोज हा पिवळा चिकटा! हात दुखले घासून."

ताईने नखाने खरवडून पाहिलं. चिकट्यात ठिपक्याठिपक्यांचं टरफल होतं.

"अगं, हे तर अंडं!"

"छतावर? उंदीर वर चढून जेवतात की काय?" बंड्या म्हणाला.

"वर बसतं कोण?" ताईने विचारलं.

"कावळे! धक्क्यावरचे. आमच्याबरोबर जातात, आमच्याबरोबर परत येतात. उडायचे कष्ट नकोत, फुकटे मेले!" चिमणी बोलली आणि एकदम थांबली. "पण सुरय कावळ्याला अंड्यांजवळ फिरकूसुद्धा देत नाहीत. टोचून हाकलतात."

"मग सगळे सुरय एकदम अंडी सोडून उडतात कधी?" ताई म्हणाली.

बंड्याचा चेहरा पडला. उत्तर त्याला माहीत होतं आणि ते आवडलं नव्हतं.

बेट आलं की काका एका मुलाला भोंगा वाजवायला देत. भोंगा वाजला की अख्खा थवा आकाशात! पोरं टाळ्या पिटत. काका याला 'सलामी' म्हणत. उद्याची पाळी बंड्याची होती. सुट्टी लागल्यापासून तो हिचीच वाट बघत होता.

"बाबांना सांगून उपयोग नाही," चिमणी म्हणाली. "मागे मी म्हटलं, इंजिनातलं तेल संपत आलंय. तर म्हणे, लहान तोंडी मोठा घास! मग वल्ही मारत आलो."

"म्हणजे डोळ्यांनीच दाखवावं लागेल."

"मग मी एकदा भोंगा वाजवतो. कावळे काय करतात ते दिसेलच!" बंड्या आशेने म्हणाला.

"आणि त्यात आणखी अंडी गेली तर?"

ताई नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

"नाही हं, ताई! माझी पाळी आहे!"

दुसऱ्या दिवशी लाँच बेटाजवळ थांबली. विषाचा डबा काकांच्या पायाशी होता. छताच्या कडेला कावळे ओळीने, माना पुढे काढून बसले होते.

"चल बंड्या, दे सलामी!"

बंड्याने बटणावर अंगठा ठेवला. मग काढला, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला.

"वाजव की! घाबरला, घाबरला!" पोरं ओरडली. बंड्याचे कान लाल झाले. त्याला अगदी रडू येत होतं, पण हात काही त्याने बाहेर काढले नाहीत.

काकांनी स्वतःच हात पुढे केला. चिमणीने तो घट्ट धरला.

"बाबा, थांबा! आधी त्या कावळ्यांकडे बघा!"

कावळे चुळबुळत होते. एकाचा धीर सुटला. तो खडकावर उतरायला गेला, तशी सुरयांची एक तुकडी त्याच्या डोक्यावर तुटून पडली! चोची खात तो परत छतावर आला. दुसऱ्याचीही तीच गत! पोरं खदखदून हसायला लागली. भोंगा कुणाच्या लक्षातही राहिला नाही.

काका मात्र हसले नाहीत.

"म्हणजे सलामी झाली, पक्षी उडाले, की हे..."

"जेवायला बसतात," ताई म्हणाली. "रोज छतावर बलक सांडलेला असतो."

काका मटकन खाली बसले. "अरे देवा! चोराला मीच पोचवत होतो! परतही आणत होतो!"

"विनातिकीट," चिमणी म्हणाली.

काकांनी डबा न उघडताच दुकानदाराला परत केला आणि सलामी कायमची बंद केली. तिकिटाच्या खिडकीत बसलेल्या काकूने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा! म्हणे उंदीर! शाबास पोरींनो, डोळे असावेत तर असे!"

काका बंड्यापाशी येऊन बसले. "अख्ख्या लाँचसमोर घाबरट म्हणवून घेतलंस. मला नसतं जमलं रे."

बंड्याने बटण दाबावं तसा अंगठा गुडघ्यावर दाबून पाहिला.

"भोंगा वाजवायला मिळाला नाही म्हणून वाईट वाटतंय?"

"हो," बंड्या म्हणाला. "खूप."

"मलाही," काका म्हणाले, आणि त्यांनी त्याला जवळ ओढलं.