शाईतला शब्द

“उलट वाहिली तर नदी गरीब. दोन अक्षरी.” मृदुलाताईंनी शब्दकोड्याचं सूत्र वाचून दाखवलं.

“दीन,” उकल म्हणाली.

“का?”

“नदी हा शब्द उलटा वाचला की दीन होतो आणि दीन म्हणजे गरीब. ‘उलट वाहिली तर’ ही कृती, ‘नदी’ हा कच्चा माल, ‘गरीब’ हा अर्थ. एकही शब्द उरत नाही.”

“बरं. मसाल्यातल्या दगडफुलाच्या आत किल्ला. हेही दोन अक्षरी.”

“दगडफूल या शब्दाच्या पोटात गड दिसतो. पण ‘मसाल्यातल्या’ हा शब्द उरतो, ताई. तो कशासाठी आला, हे कळल्याशिवाय मी उत्तर देणार नाही.”

मृदुलाताईंनी मान वळवून ढमढेऱ्यांकडे पाहिलं. “यंत्र ठणठणीत आहे. बिघडलेलं नाही.”

“मग सकाळपासून तोंडात मिठाची गुळणी धरून का बसलंय?” ढमढेरे वैतागून म्हणाले. चांद्रतळाच्या हवेची सगळी जबाबदारी या गृहस्थांवर. सकाळपासून त्यांनी चहाचा कपही पुरा केला नव्हता.

सासवडच्या पठारावरच्या या नियंत्रण केंद्रात उकलयंत्र बसवलं, तेव्हा त्याला विचार करायला शिकवण्यासाठी मृदुला चांदोरकर यांना बोलावलं होतं. भाषाशास्त्राच्या प्राध्यापिका असल्या तरी त्यांची खरी ओळख गूढ शब्दकोडी रचणाऱ्या म्हणून. यंत्रं उत्तरं चटकन देतात. पण उत्तर बरोबर का, हे विचारलं की वाटेल ती सारवासारव करतात. ताईंनी उकलला कोड्यांवर वाढवलं. सकाळची पूजा झाली की तिला सूत्रं घालायची, हा त्यांचा नेमच होऊन गेला होता. नियम एकच: सूत्रातला प्रत्येक शब्द कामी यायला हवा. एक जरी उरला, तरी ते उत्तर नव्हे.

आणि आज, जेव्हा उत्तराची सगळ्यात निकड होती, तेव्हा उकल गप्प होती.

चंद्रावर तिघंजण राहत होते. त्यांचे प्रमुख उपेंद्र चांदोरकर, म्हणजे मृदुलाताईंचे यजमान. गेले काही दिवस तळावरच्या हवेत तीन खुणा दिसत होत्या. प्राणवायू हळूहळू उतरत होता. कर्बवायूही उतरत होता. आणि वासवेधकाला हवेत ॲसिटोनची बारीकशी वाफ सापडत होती.

“माझं उत्तर तयार आहे,” ढमढेरे म्हणाले. “भिंतींच्या थरांमधला डिंक कुजतोय. कुजताना तो प्राणवायू खातो आणि वाफ सोडतो. असं असेल तर भिंत कधीही उकलेल. संध्याकाळपर्यंत दुसरं कारण सापडलं नाही, तर तिघांना परतयानात बसवायचं आणि भिंतींवरचा दाब उतरवायला तळाची हवा सोडून द्यायची.”

“म्हणजे हरितकक्ष?”

“जाईल. गहू, पालक, टोमॅटो, सगळं. निर्वातात काय टिकणार?”

मृदुलाताईंनी टेबलावरच्या आपल्या जेवणाच्या डब्याला उगाच हात लावला आणि काढून घेतला. उपेंद्रांनी तो गहू चंद्राच्या धुळीत रुजवला होता. पहिली लोंबी धरली तेव्हा ऑर्डर सोडावी तसं त्यांनी वरून सांगितलं होतं, ‘मृदुला, पुढच्या वर्षीच्या पुरणपोळीची कणीक इथून येईल.’

“उकल, ढमढेरे साहेबांच्या उत्तरात काय उरतं?”

“कर्बवायू, ताई. डिंक कुजला तर तो कमी होत नाही.”

“अगं बाई, मोजमापात इकडेतिकडे होतंच!” ढमढेरे यंत्रावरच खेकसले.

“तिन्ही मापकं तपासली. बरोबर आहेत,” उकल शांतपणे म्हणाली.

ताई विचारात पडल्या. कोडं सोडवताना त्यांच्यावरही अशी वेळ यायची. सूत्र स्वच्छ असतं, पण चौकटीत बसणारं उत्तरच सापडत नाही. माणूस त्या सूत्रावर डोकं आपटत राहतो. दोष मात्र सूत्रात नसतोच. त्याला छेदून जाणारा एखादा उभा शब्द आपण आधीच चुकीचा लिहून बसलेलो असतो. नीर लिहायचं तिथे खुशाल जल लिहिलेलं असतं, तेही शाईनं.

“ढमढेरे, उत्तर सापडत नाही याचा अर्थ उत्तर नाही, असा नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “आपण आधी लिहिलेलं काहीतरी चुकलंय. उकल, तुझ्याकडे शाईनं काय लिहिलंय?”

हा नियमही त्यांचाच होता. यंत्रांनी दिलेली मापं पेन्सिलीनं लिहायची. शंका आली तर खोडता यावीत म्हणून. माणसानं स्वतःबद्दल सांगितलेलं मात्र शाईनं. नियम ठरवायच्या बैठकीत त्या हट्टालाच पेटल्या होत्या. उद्या यंत्र माणसाला खोटं ठरवायला लागलं, तर माणसानं जायचं कुठे? माणसाचा शब्द यंत्रानं खोडायचा नाही.

“शाईनं फक्त तिघांची रोजची निवेदनं आहेत,” उकल म्हणाली. “झोप झाली. जेवण झालं. तब्येत बरी आहे.”

“ते कशाला खोटं बोलतील?” ढमढेरे म्हणाले. “आणि त्यानं हवेत वाफ कशी येईल? ॲसिटोन म्हणजे काय ठाऊक आहे ना? तुम्ही बायका नेलपॉलिश काढायला वापरता ते.”

मृदुलाताईंचा हात पुन्हा डब्यावर गेला आणि या वेळी तिथेच थांबला.

लग्न झाल्यापासून त्या नवरात्रात निराहार राहत. घटस्थापनेपासून नुसतं पाणी. देवधर्म न मानणारे उपेंद्र दर वर्षी त्यांच्याजवळून जाताना नाक धरत. ‘आली बाई देवी! घराचं पार ब्यूटी पार्लर करून टाकलंस. तोंडाला नेलपॉलिश काढायच्या बाटलीचा वास येतोय तुझ्या.’

यंदा डॉक्टरांनी उपवास बंद केला होता. साखर वाढलेली, इन्सुलिन सुरू झालेलं; वेळच्या वेळी जेवायचं, अशी सक्त ताकीद. घट बसायच्या आदल्या दिवशी चंद्रावरून बोलणं झालं, तेव्हा त्या रडवेल्या झाल्या होत्या. ‘यंदा माझा नेम मोडणार हो.’ तिकडून हसू आलं होतं. ‘देवीलाही विश्रांती मिळेल.’

आज सहावी माळ होती.

“ढमढेरे,” त्यांनी विचारलं, “माणूस काहीच खात नसेल तर त्याच्या श्वासात काय बदल होतो?”

ढमढेरे थबकले. “शरीर साठवलेली चरबी जाळायला लागतं. त्यातून ॲसिटोन... आणि चरबी जळताना, घेतलेल्या प्राणवायूच्या मानानं कर्बवायू कमी बाहेर पडतो. कर्बवायू कमी, म्हणून झाडांना खाद्य कमी. झाडांना खाद्य कमी, म्हणून...”

“प्राणवायू कमी,” उकलनं वाक्य पुरं केलं. “पण तिघंही जेवल्याचं शाईत आहे, ताई. म्हणून मी तिकडे पाहिलंच नाही.”

तळावर उपास करायला सक्त मनाई होती. करून लपवणं त्याहून वाईट. प्रमुखानंच तसं केलं म्हटल्यावर त्याचं पद राहणार नव्हतं. मृदुलाताईंना हे ढमढेऱ्यांइतकंच ठाऊक होतं. त्यांनी मनातल्या मनात हात जोडले. सांगितलं तर नवऱ्याचं पद जाणार, न सांगितलं तर त्याचा गहू.

“उकल, शाईतला एक शब्द खोड,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. “उपेंद्र चांदोरकर. ‘जेवलो.’”

“तुमचा नियम मोडतोय.”

“मीच केलाय, मीच मोडते.”

“तिन्ही खुणा लागल्या. एकही उरत नाही.”

ढमढेऱ्यांनी चंद्राशी संपर्क जोडून दिला आणि आपण खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

“अहो, जेवलात का?”

चंद्रापर्यंत शब्द जाऊन परत यायला तीन सेकंदही लागत नाहीत. उपेंद्रांना बराच जास्त वेळ लागला.

“मृदुला, सगळे ऐकतायत.”

“ऐकू देत. तुमच्या भिंती कुजल्या म्हणून तुमचा गहू फेकून द्यायला निघालेत इथे. भिंतीला काही झालेलं नाही. तुमच्या श्वासाचा वास लागलाय यंत्राला. ब्यूटी पार्लर म्हणे!”

“हात्तिच्या!” उपेंद्रांचा आवाज एकदम खाली आला. “माझ्यामुळे? अगं, मला वाटलं एका माणसानं होऊन होऊन काय होणार. इतक्या वर्षांची तुझी माळ खंडली असती गं. तुला जमत नाही तर घरातल्या कुणीतरी पुढे चालवायची असते ना? तूच सांगायचीस. घरात दुसरं आहे कोण?”

ढमढेऱ्यांनी घसा खाकरला. “साहेब, मला हे वरिष्ठांना कळवावं लागेल. पद बहुतेक जाईल तुमचं.”

“कळवा. गहू राहतोय ना? मग पाणी घालायला ठेवतील मला.”

“आधी उपास सोडा,” ताई म्हणाल्या. “लगेच भरपेट नको. थोडं सरबत, मग पेज. उरलेल्या माळांचं मी देवीला सांगते. ती काही इतकी कडक नाही.”

“बरं बाई. सोडतो. आणि तू? औषध, जेवण वेळेवर चाललंय ना? दोन वाजून गेले असतील तिकडे. जेवलीस?”

“हो, जेवले मघाशीच,” मृदुलाताई डोळे पुसत सवयीनं बोलून गेल्या.

“ताई,” उकल म्हणाली, “सकाळपासून तुमचा डबा बंदच आहे. हे शाईनं लिहू, की पेन्सिलीनं?”

चंद्रावरून हसू यायला या वेळी तीन सेकंदच लागले. ढमढेरे पाठमोरेच खांदे हलवत होते. मृदुलाताईंनी मुकाट्यानं डबा पुढ्यात ओढला आणि झाकण उघडलं.